चौऱ्याहत्तरवर कोण आहे?

नेट बंद पडलं की आपण राऊटरचे दिवे बघतो. हिरवा आहे का, लाल आहे का, लुकलुकतोय का. आमचे नेटवाले काका दिव्यांकडे बघतच नसत. ते आधी राऊटरवर पालथा हात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि दारात हवालदिल होऊन उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचे, "पयला पत्ता बगू. घाबराचा मंग."

तो हवालदिल माणूस बहुतेक वेळा मीच असे. मी जन्माची घाबरट. दाराची बेल दोनदा वाजली तरी माझ्या छातीत धस्स होतं.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा माणूस असेल. त्याचं नाव कुणाला धड माहीत नसतं, पण त्याचा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतो. आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत हे काका. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, स्कूटरच्या हुकाला वायरचं भेंडोळं. कितीही नको म्हटलं तरी चपला बाहेर काढून येणार. चहा घेणार नाहीत, पाणी घेतील, तेही माठातलं. माठ नाही म्हटलं की, "मंग र्‍हाऊ दे, बाय."

पत्ता म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं होतं. घरातला मोबाईल, टीव्ही, कॅमेरा, प्रत्येकाला राऊटर एक आकडा देतो. तो त्याचा पत्ता. पत्ता असला की निरोप पोचतो, नसला की वस्तू नुसतीच दिवे लावून बसते. पाचशे दोनमधल्या बाईंचा मोबाईल एकदा 'जोडला आहे' असं दाखवत होता आणि नेट मात्र शून्य. काकांनी त्याचा आकडा उघडून बघितला. एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा होता. "ह्यो खोटा बोलतंय," ते म्हणाले. "राऊटरनं पत्ता दिला नाय, म्हनून सोताच बनवून बसलाय. घर सुटलेल्या मानसाला इचारा, कसा हायस. तो पन सांगतो, मस्त हाय." बाई हसल्या. काका हसले नाहीत.

त्यांचं स्वतःचं घर सुटलेलं होतं. खाडीकाठचं गाव, बाप मिठागरात कामाला. गाव विमानतळासाठी उठलं आणि त्यांना करंजाड्याला प्लॉट मिळाला. तिथं त्यांनी नीटनेटकं घर बांधलं, पण पत्ता विचारला की गडबडायचे. प्लॉट नंबर, सेक्टर, मग जुन्या गावाचं नाव, मग "नाय, तो नको लिवू." कुरियरवाले त्यांना फोन करून करून थकत. "लोकांना पत्ते वाटत फिरतो मी," ते म्हणायचे, "आन माजा पत्ता पोस्टमनला मिलत नाय."

त्यांची एक शाळेतली दोनशे पानी वही होती. तिच्यात प्रत्येक फ्लॅटच्या महत्त्वाच्या वस्तूचा पक्का पत्ता लिहिलेला असे. हा आकडा ते फ्लॅटच्या नंबरावरून ठरवत, म्हणजे लक्षात राहायला सोपा. पण असा आकडा दोनशे पंचावन्नच्या वर जाऊ शकत नाही. आम्ही सातशे चारमध्ये. काकांनी मधला शून्य काढून टाकला आणि आमच्या कॅमेऱ्याला चौऱ्याहत्तर दिला. वहीत लिहिलं: '७०४, अप्पांचा कॅमेरा, ७४, पक्का.' आपल्या युक्तीवर ते खूश होते. मीही होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि सगळी भाषा गेली. एकच शब्द उरला: 'नाही'. भूक लागली का? नाही. झोपायचं का? नाही. मी कोण? त्यावरही नाही, पण हसून. मला महाप्याला ऑफिसला जावं लागतं, घरात आम्ही दोघंच. म्हणून दिवसभरासाठी शोभाताई ठेवल्या आणि अप्पांच्या पलंगासमोर कॅमेरा लावला. शोभाताई मूळ बीडकडच्या, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. ऑफिसात दर अर्ध्या तासानं मी मोबाईलवर अप्पांना बघून घ्यायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग परदेशातल्या माझ्या भावानं एक नवी पेटी पाठवली. राऊटरच, पण आत फायरवॉल असलेला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणारा. काकांनी तो बसवून दिला. पालथा हात ठेवून म्हणाले, "वॉचमन हुशार हाय. पन लय हुशार वॉचमन घरच्यालापन आडवतो." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

साधारण महिन्याभरानं ते सुरू झालं.

शोभाताई सकाळी नऊ दहाला येत. नऊ अकराला कॅमेरा काळा. पहिल्या दिवशी वाटलं, नेट गेलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात काम सोडून नुसती मोबाईल धरून बसले. दुपारी एक वाजता चित्र अचानक परत आलं. अप्पा एकटेच, पंख्याकडे बघत पडलेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा काळोख. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कुठे गेला होतात का?" त्या म्हणाल्या, "व्हय, औषध आनाया खाली गेलते."

म्हणजे त्या घरात असल्या की कॅमेरा बंद. त्या बाहेर गेल्या की चालू.

चौथ्या दिवशी अप्पांच्या डाव्या दंडावर निळसर डाग दिसला. मी त्यांच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "अप्पा, शोभाताई तुम्हाला मारतात का?" अप्पा म्हणाले, "नाही." माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात मला सुचलं आणि मी उलटं विचारलं, "त्या चांगल्या आहेत का?" अप्पा म्हणाले, "नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच वडिलांची भीती वाटली, त्यांच्या त्या एका शब्दाची.

पाचव्या दिवशी मी न सांगता दुपारीच घरी आले. शोभाताई अप्पांची दाढी करत होत्या. जिभेनं चुकचुक करत, गाल ओढून धरून, अगदी जपून. तुम्ही म्हणाल, मग झालं की. पण मला वाटलं, लिफ्टचा आवाज ऐकून सावध झाली असेल. भीती डोक्यात शिरली की माणूस असंच बघतं. मी एका संस्थेला फोन करून सोमवारपासून दुसरी बाई ठरवली. शोभाताईंना रविवारी सांगायचं, एवढंच उरलं होतं. आणि सांगण्याआधी मला पुरावा हवा होता.

शनिवारी काका खाली मीटरच्या खोलीजवळ भेटले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "काका, मला एक कॅमेरा लपवून लावून द्या. कुणाला दिसणार नाही असा."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "कोनापासून लपवाचा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग नेहमीचंच म्हणाले, "पयला पत्ता बगू. घाबराचा मंग."

मी खरंच चिडले. "काका, पत्त्याचा इथे काय संबंध?"

"नसंल तर नसंल. बगाला काय जाताय?"

आम्ही वर आलो. शनिवार असला तरी शोभाताई आल्या होत्या, आत अप्पांसाठी पेज करत होत्या. कॅमेरा काळाच होता. काकांनी राऊटरवर पालथा हात ठेवला, लॅपटॉप जोडला आणि चौऱ्याहत्तरला हाक मारली. म्हणजे संगणकावरून त्या पत्त्यावर एक छोटा निरोप पाठवायचा. तिथं कुणी असेल तर उत्तर येतं. उत्तर आलं. ओळीमागून ओळ.

"कॅमेरा उत्तर देतोय," मी म्हटलं.

काका उठले आणि त्यांनी कॅमेऱ्याची पिनच भिंतीतून काढली. कॅमेऱ्याचा दिवा विझला.

पडद्यावर ओळी येतच राहिल्या.

कॅमेरा मेलेला, आणि त्याच्या पत्त्यावरून कुणीतरी आम्हाला उत्तर देत होतं. घरातूनच. काका मान खाली घालून अगदी हळू म्हणाले, "चौऱ्यात्तरवर कोन हाय?"

त्यांनी त्या हुशार पेटीची यादी उघडली, तिनं कुणाकुणाला पत्ते दिले त्याची. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. मग स्वयंपाकघराच्या दारात गेले. "शोभाताय, तुजा मोबाईल जरा बंद कर गो."

शोभाताईंनी हात पुसून मोबाईल बंद केला. पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

काकांनी कॅमेऱ्याची पिन लावली. मिनिटभरानं माझ्या मोबाईलवर अप्पा दिसले.

झालं होतं ते एवढंच. कॅमेऱ्याला चौऱ्याहत्तर हा पत्ता काकांनी हातानं दिलेला. नव्या पेटीला ते सांगायचं राहून गेलं. तिला तो आकडा रिकामा वाटला, आणि शोभाताईंचा मोबाईल आल्यावर तिनं तो त्याला देऊन टाकला. एका पत्त्यावर दोघं, म्हणून मोबाईल घरात आला की कॅमेरा बाहेर. आणि त्यांच्या मोबाईलला आमचं नेट कुणी दिलं होतं? मीच. अप्पांना भजनं लावून दाखवता यावीत म्हणून आदल्या आठवड्यात, शुक्रवारी त्या निघताना, मी त्यांना पासवर्ड दिला होता.

शोभाताई दारात उभ्या होत्या, बंद मोबाईल दोन्ही हातांत धरून. "म्या काय बिघडवलं का वो?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. काम जाईल म्हणून घाबरलेला तो चेहरा माझ्याइतकाच पांढरा पडला होता.

"तू काय नाय केलास," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा कान धरला. "माजी चूक. पत्ता दिला आन राखून ठेवाचा इसरलो."

डाग रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे होता, असं सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधीच मी त्या संस्थेला फोन करून नको म्हणून कळवलं होतं.

त्या शनिवारी मी काकांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. मला रडू येत होतं. म्हटलं, "मी तिला काढणार होते, काका. उद्याच."

ते लिफ्टचं बटण न दाबता उभे राहिले. "प्लॉटचा कागद आलता आमचा," ते म्हणाले. "महिना झाला, दोन झाले, मना मिलालाच नाय. मना वाटला, भावान दाबला. भर गावासमोर बोललो त्याला. कागद जुन्या घरच्या पत्त्यावर गेलता. घर तवा पाडलेला. पोस्टात पडून होता." मग बटण दाबलं. "भाव अजून बोलत नाय."

लिफ्ट आली. आत जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "तिला सांगशील?"

मी म्हटलं, "नाही." मला धीरच नव्हता. लिफ्टचं दार मिटलं.

त्यानंतर आमचा कॅमेरा कधी गेला नाही. काका दोन-तीन महिन्यांनी कुणाकडे ना कुणाकडे यायचे, जाता जाता आमच्याकडे डोकावायचे, राऊटरवर हात ठेवायचे, अप्पांना विचारायचे, "बरा हाय का?" अप्पा म्हणायचे, "नाही." काका म्हणायचे, "मंग मीपन नाय."

गेल्या वर्षी गणपतीनंतर ते गेले. हृदयविकार. मला वॉचमननं आठवड्यानं सांगितलं. करंजाड्याला भेटायला जायचं ठरवलं, तर घराचा पत्ता सोसायटीत एकालाही धड सांगता येईना. सगळ्यांकडे फक्त मोबाईल नंबर होता. आता नेट बंद पडलं की एका कंपनीची मुलगी फोनवर गोड आवाजात तक्रार क्रमांक देते. माझंही ऑफिसातलं काम हेच आहे, लोकांच्या तक्रारींना क्रमांक देणं. त्यामुळे त्या क्रमांकानं धीर येत नाही, हे मला ठाऊक आहे.

मागच्या मंगळवारी अकरा वाजता कॅमेरा काळा झाला.

मी ऑफिसात होते. तोच काळोख. दोन वर्षं जणू मधे गेलीच नव्हती. मोबाईल हातात गार लागत होता. आणि मग मी जे तेव्हा पाच दिवसांत एकदाही केलं नव्हतं ते केलं. शोभाताईंना फोन लावला.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. "लाईट गेलीय, ताई. समद्या बिल्डिंगची. अप्पा बरे हायती, हितंच बसल्यात."

मी म्हटलं, "किती लगेच उचललात."

"त्ये काका सांगून गेलते की," त्या म्हणाल्या. "त्या शनिवारीच, तुमी अप्पांपाशी व्हता तवा. म्हनले, कॅमेरा गेला की ताई लई भेती. तुला फोन करंल. मोबाईल जवळ ठेवत जा. तवापासनं कमरंलाच ठेवते. आज पयल्यांदा आला तुमचा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं नसेल, पण मी कशाला घाबरले होते एवढं नक्की. आणि तरीही त्या दोन वर्षं मोबाईल कमरेला खोचून माझ्या फोनची वाट बघत होत्या.

"अजून काय म्हणाले होते काका?" मी विचारलं.

"दुसरं काय न्हाई. म्हनले, घाबरट हाय, पर मनानं चांगली हाय."

मागून अप्पांचा आवाज आला, "नाही."