आपाची शुगर आणि माझी मशीन

ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी अशी फजिती झालीय की हसता हसता सांडेल!

जावयानं मला शुगर तपासायची मशीन आणून दिली. झालं! लातुरातल्या आमच्या गल्लीत एकाचंही बोट सोडलं नाही मी. सुई दर वेळी नवी हं, सातवी शिकले असले तरी तेवढं कळतं. राहिली होती फक्त माझी दहा बोटं. मला कशाला शुगर? मी तर ठणठणीत!

शेजारच्या शाहेदाआपाला मात्र आहे, तिची स्वतःची मशीनही आहे. तिची लेक नांदेडला बाळंत झाली. पहिला नातू! दुपारच्या एसटीनं आपा जाणार, म्हणून आम्ही दोघी माझ्या घरी डिंकाचे लाडू वळून राहिलो होतो.

"आपा, शुगर बघितली का?"

"हाव. फजरच्या नमाजाआधी, वजूला हातपाय धुतल्यावर. एकशे अठ्ठावीस."

"तुझ्या मशीनचं काय खरं! बोट दे इकडं."

टोचलं. तीनशे बेचाळीस!

अर्धी परात वळून झाल्यावर पुन्हा टोचलं, तर चारशेच्या वर! म्हणजे बघता बघता चढून राहिली की हो!

"नांदेड रद्द! एसटीत चक्कर येऊन पडलीस तर?"

"या अल्ला! सुलू, नातवाचं तोंड बघायचं हाय मला!"

"तू राहिलीस तर बघशील ना!"

तिची बॅग मी माझ्या कपाटात कोंडली, चावी कमरेला खोचली. दोन्ही मशिनी पिशवीत घातल्या, आपाला रिक्षात घातलं, अन् गाठली लॅब.

तिथल्या पोरीनं आपाचं बोट धरलं, तर तिचंच बोट चिकटलं. "मावशी, गुळाचं काही करत होतात का?"

"लाडू," आपा म्हणाली.

"मग हात धुतले होते?"

"पुसले की पदराला!" हे मी, तेही ठसक्यात.

पोरीनं आपाचे हात साबणानं धुवायला लावले. आपाच्या मशीनवर एकशे चौतीस, माझ्या मशीनवर एकशे एकोणतीस.

"दोन मशिनींत एवढा फरक राहतोच," पोरगी म्हणाली. "बाकीची शुगर रक्तात नव्हती, बोटावर होती."

मी खालमानेनं पिशवी आवरायला लागले, तर आपानं मनगटच धरलं. "आता हिचं बोट टोचा."

"मला कशाला?"

"सगळ्या गल्लीचं रक्त काढलंस, आता तुझं निघू दे!"

मी हात खसाखसा धुतले. दोनशे शहाण्णव!

"माझी मशीन बिघडलीय!"

आपाच्या मशीनवर तीनशे एक. मी पुन्हा धुतले, पार कोपरापर्यंत. आकडा ढिम्म हलंना.

कपाट उघडून, बॅग काढून, धापा टाकत आम्ही स्टँडवर पोचलो. एसटी सापडली बाई! माझ्या वाटचे लाडूसुद्धा आपानं स्वतःच्या डब्यात भरून नेले. खिडकीतून म्हणते, "हात धू, सुलू!"

आता माझ्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी नांदेडहून आपाचा व्हिडिओ कॉल येतो, मांडीवर नातू. आधी धुतलेले हात दाखवायचे, मग आकडा.

काय करता! आपाचा गूळ साबणानं गेला, माझा आतच मुरलेला निघाला!