चोरलेलं गाऱ्हाणं

मिरजोळ्याच्या रावजींना माइक कधी लागला नाही. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली की हे सडपातळ गृहस्थ पुढे होत, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालत आणि प्रत्येक मागण्यावर सारा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. तसा प्रतिसाद मिळावा म्हणून आम्ही नाटकवाल्यांनी उभा जन्म घालवला.

यंदा शिमग्याच्या तोंडावर पुतणी वैष्णवीने त्यांच्यापुढे मोबाईल धरला. पडद्यावर रावजीच. तोच फेटा, तोच आवाज. पण विकत होते गुडघेदुखीचं तेल. कोणीतरी जुन्या व्हिडिओवर यंत्राकडून नवे शब्द चढवले होते.

बालमित्र धाकूने टोमणा मारलाच, “रावज्या, आधी तुझ्या गुडघ्यांना लाव. पायरी चढताना देवळाच्या दारासारखे वाजतात.”

रावजी हसले, पण प्रश्न पडलाच. यंदा सहाणेवर उभं राहिल्यावर ‘व्हय म्हाराजा’ येईल, की हसू?

वैष्णवीने व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. लगेच उत्तर आलं, व्हिडिओ नियमात बसतो.

“कोणाच्या नियमात गो?”

“त्यांच्याच, काका.”

“मग ह्या इंटरनेटचा गावकर कोण? शेवटचा शब्द कोणाचा?”

“त्याचंच तर भांडण आहे. कंपन्या म्हणतात, आमचं आम्ही बघू. सरकारं म्हणतात, आम्ही बघणार.”

“बघू दे की सरकारला.”

“आज तेलाचा व्हिडिओ काढून टाकतील. उद्या तुमचं खड्ड्यांचं गाऱ्हाणं काढून टाकलं तर?”

गेल्या शिमग्यात सरपंच शेजारी उभे असताना रावजींनी रस्त्याचे खड्डे देवाच्या कानावर घातले होते आणि तो व्हिडिओही मोबाईलवर फिरला होता. त्यांनी पुन्हा विचारलं, “गावकीसारखं सगळ्यांनी बसून ठरवलं तर?”

“बसतात ना. जगभरची माणसं जमतात, बोलतात. पण ठरलेलं पाळायलाच हवं असं नाही.”

“मग ती गावकी कसली? पारावरच्या गप्पा त्या.”

तरी प्रश्न त्यांना सोडेना. त्या बैठकीचं बोलावणं कोण धाडतं? आपल्यासारख्याला तिथे बसू देतात का? दोन दिवस ते जेवतानाही वैष्णवीला हेच विचारत राहिले. शेवटी ते पोलिसांकडे जाऊन तक्रार देऊन आले आणि वर बजावून आले, “फक्त तेलाचा व्हिडिओ काढून टाका. माझ्या बाकीच्या व्हिडिओंना हात लावू नका.”

पालखी सहाणेवर बसली. रावजी उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी आधी गर्दीकडे पाहिलं. पहिल्या प्रवेशाआधी आम्ही विंगेतून पाहतो तसं.

“बा म्हाराजा, माझा आवाज चोरून जो कोण तेल विकतो हाय, त्याला धरायची बुद्धी सरकारला दे.”

पुढची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून धाकूचा घोगरा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

रावजींनी श्वास घेतला. “आणि आमचा आवाज बंद करायची बुद्धी सरकारला कधी देऊ नको.”

“व्हय म्हाराजा,” सगळी सहाण म्हणाली. सरपंचसुद्धा.

वैष्णवी हे मोबाईलवर घेत होती. गर्दी पांगल्यावर तिने विचारलं, “काका, टाकू हे?”

रावजींनी फेटा सोडला, घाम टिपला.

“टाक. बघूया तरी, कोण काढतो ते.”