नाझरांच्या परसातले खड्डे

तपकिरीची डबी उघडण्याआधी ते ती कानाशी नेऊन हलवीत. कोणी चिमूट काढली असली तर आवाजावरून कळते, असे म्हणत.

दाराला कडी घातल्यावर ती दोनदा ओढून पाहत. मग थोडे पुढे जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत.

माणूस बोलू लागला की त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत. खोटे बोलणाऱ्याचा अंगठा हलतो, ही त्यांची कोर्टातली शिकवण.

मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असलो की मध्येच ते माझ्या हातातून घेत आणि डोळ्यांशी नेऊन तिथे खरोखर तसेच छापले आहे का, ते पाहत.

कुत्र्यांना ताक घालण्याआधी स्वतः एक घोट घेत. स्वतःचे ताक मात्र न बघता पीत.

हरिहरपंत आगाशे पंधरा दिवसांपूर्वी गेले. मी त्यांना खांदा दिला. तरी रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या ओटीपर्यंत जातो आणि मग आठवते.

ते रत्नागिरीच्या कोर्टात नाझर होते. जप्तीचा माल कुलपात ठेवायचा, समन्स बजावणाऱ्या बेलिफांवर नजर ठेवायची, हे त्यांचे काम. नोकरी संपली, नजर तशीच राहिली. एकोणीसशे तेहतीस साली मी बी.ए. होऊन इथल्या शाळेत लागलो आणि त्यांच्या शेजारच्या आळीत राहायला आलो. पंतांना मोतीबिंदू होता, बारीक अक्षर नीट दिसत नसे. वाचून दाखवणारा हवा होता. मला ऐकणारा हवा होता. वयात तीस-पस्तीस वर्षांचे अंतर असूनही आमची मैत्री झाली, ती अशी.

पत्नी फार पूर्वी वारलेली. मूलबाळ नाही. घरात ते, त्यांची धाकटी बहीण मथुताई आणि दोन कुत्री. खंड्या आणि गोरी. दोघे पिल्ले असताना कोर्टाच्या जिन्याखाली सापडले. पंत सांगत, "चाळीस वर्षं जप्तीचा माल सांभाळला. हा एवढाच घरी आणला."

मथुताईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. दोन वर्षांत त्या विधवा होऊन संगमेश्वराहून माहेरी परत आल्या. लग्नात ओटीत आलेले नारळ सासरच्या परसात रुजले होते. ती चार रोपे त्यांनी येताना बरोबर आणली आणि इथे विहिरीपलीकडे ओळीने लावली. सासरचे म्हणून तेवढेच आले. रोपांचे माड झाले. उंच झाले. नारळ मात्र त्यांना कधी धरला नाही.

मथुताईंचे सोवळे आळीत प्रसिद्ध होते. घरात कांदा येत नसे. अलीकडे त्या दुपारीसुद्धा विहिरीवर दुसरी आंघोळ करू लागल्या होत्या. शेजारणी म्हणत, आता ही बाई विहिरीतच बिऱ्हाड करणार.

गेल्या गणपतीनंतर कुत्री परसात खड्डे करू लागली. सगळीकडे नाही. फक्त मथुताईंच्या माडांच्या बुंध्याशी. सकाळी पाहावे तर माती लांबवर उडालेली, मुळे उघडी आणि खंड्याचे नाक तांबडे.

पंतांनी सगळे करून पाहिले. करवंदीच्या काट्या टाकल्या. गोरीने त्या एकेक करून बाजूला ओढल्या. मिरचीची पूड टाकली. खंड्या शिंकला आणि उकरू लागला. चिऱ्याचे तुकडे रचले, तर शेजारून उकरले. बांधून ठेवली तेव्हा दोघे असे रडले की पलीकडच्या आळीतून विचारायला माणूस आला, कोण गेले म्हणून.

दिवाळीत मथुताईंनी निकाल दिला.

"दादा, शिमग्यापर्यंत बघेन. उकरणं थांबलं नाही तर धोंडू दोघांना घेऊन जाईल. त्याला पोफळीत वानरं हाकायला कुत्री हवीच आहेत."

धोंडू हा गुहागरचा चुलतभाऊ. त्याची बाग रानाला लागून. गेल्या वर्षी त्याची कुत्री बिबळ्याने एकामागून एक उचलली होती.

"तो कुत्री नाही नेत," पंत मला म्हणाले. "बिबळ्याचं जेवण नेतोय."

बहिणीला ते काही बोलले नाहीत. घरात तिचा शब्द शेवटचा असे. पण त्या दिवसापासून ते परसात पाहणी करू लागले.

"मास्तर, कुत्रं उगाच उकरत नाही. उकरतंय म्हणजे पुरलेलं आहे. पुरलेलं आहे म्हणजे पुरणारा आहे."

दोन दिवसांनी खड्ड्यात त्यांना माशाचे डोके मिळाले. बांगड्याचे असावे. डोळा शाबूत होता. पंत पांढरे पडले. ज्या परसातून देवाला फुले जात, तिथे मासळी. त्यांनी ते चिमट्याने उचलले, मडक्यात घातले, मडक्याचे तोंड फडक्याने बांधले आणि गाठीवर लाखेची मोहोर केली.

"हे कशाला?" मी विचारले.

"मुद्देमाल."

पहिला संशय शेजारच्या आत्मारामवर गेला. आत्माराम भंडारी. दोन्ही परसांमध्ये चिऱ्याचा छातीएवढा गडगा. भंडाऱ्यांचे माड मासळीच्या खतावर वाढतात, हे सगळ्या गावाला ठाऊक. पंतांच्या आवारात शेण आणि राख याखेरीज खत म्हणून काही जात नसे. पंत गडग्याशी उभे राहिले आणि त्यांनी आत्मारामला हाक मारली.

"आत्माराम, तुझी मासळी माझ्या बाजूला येते."

"चालत येते काय पंत?"

"थट्टा नको. डोकं सापडलंय."

"मासळी माज्याच माडांना पुरत नाय. तुमच्यात कशाला टाकू? आनि टाकलीच, तर तुमचे माड लागतील. मग तुमी मना नारळ देनार हाव काय?"

पंत गडग्यावरून ओणवून त्याच्या पायांकडे पाहत होते. अंगठा हलला नव्हता. म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला. इतका सराईत माणूस, ते म्हणाले. वीस वर्षांचा शेजार होता. त्या दिवसापासून त्यांनी आत्मारामशी बोलणे टाकले.

मग पाडेली भागोजी. तो बाकीच्या माडांचे नारळ पाडायला येई तेव्हा पंत त्याची कोयतीची पिशवी झाडून घेऊ लागले. भागोजी दोनदा हसला. तिसऱ्यांदा आलाच नाही. मग माझी पाळी आली.

"पिशवीत काय आहे, मास्तर?"

"पुस्तकं."

"काढा पाहू."

मी काढली. त्यांनी एक पुस्तक उघडून त्याचा वास घेतला. मला राग आला नाही. माणूस घाबरला होता. पौष संपत आला होता, खड्डे चालूच होते, आणि धोंडूचा निरोप आला होता की तो शिमग्याला नक्की येतो.

एका संध्याकाळी पंतांनी माडांभोवती राख चाळून पसरली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वाकून ठसे पाहिले. ते बोटाने दाखवत पुढे सरकत होते.

"हा कावळा. ही गोरी. हा खंड्या. ही मथुरा. हा परत कावळा. परका कोणी नाही."

ते हे मोठ्याने म्हणाले. मी नीट ऐकले. त्यात काही आहे, असे आम्हा दोघांच्याही मनात आले नाही. त्या घरात ते येण्यासारखे नव्हते.

रविवारी पंतांनी मला जेवायला बोलावले आणि जेवण झाल्यावर खुणेने परसात नेले. विहिरीजवळ झावळ्या ठेवायची खोप होती. तिच्यात आम्ही बसलो. मी पंच होतो.

"पंचाने बोलायचं नसतं," ते कुजबुजले. "पाहायचं."

दुपार टळटळीत होती. पुढच्या ओटीवर कुत्री कोंडलेली. मागचे दार वाजले. मथुताई बाहेर आल्या. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत, हातात राखेची टोपली. त्या विहिरीकडे न जाता गडग्याकडे गेल्या आणि खाकरल्या.

गडग्याआड कोणी वाकून बसले होते; वरून एक हात आला. हिरव्या बांगड्या. आत्मारामच्या बायकोचा, सखूचा. हातात केळीच्या पानाचा पुडा.

"बारीक मासळी हाय," सखू पलीकडून म्हणाली. "जराशी सडलीय. तुमास बरी."

"हळू बोल गो."

मथुताईंनी पुडा राखेत लपवला आणि माडाशी येऊन बसल्या. पुडा उघडला. तोंड एका बाजूला वळवले. मग हाताने, उघड्या हाताने, त्यांनी मासळी मुळाशी पसरली, वर माती ओढली, माती थापटली. चारही माडांशी तसेच. शेवटच्या माडाशी त्यांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिले. यंदा त्याला पहिल्यांदाच फुलोरा येऊन पोय फुटली होती. पंत ते श्रेय राखेला देत असत.

मग त्या विहिरीवर गेल्या. अंगावर घागरीमागून घागर ओतून घेतली. हात मातीने घासले. पुन्हा घासले.

पंतांनी माझे मनगट धरले होते.

मथुताई आत गेल्या. मी काही म्हणणार होतो.

"काय पाहिलंत, मास्तर?"

"मथुताईंना..."

"काही पाहिलं नाहीत." मग ते म्हणाले, "गेल्या वर्षी मीच म्हटलं होतं तिला. न लागणारे माड ठेवून काय करायचं, तोडू या, गोठ्याला वासे होतील. मी गोठ्याचं बोलत होतो."

ते उठले. खोलीतून मडके आणले. मोहोर फोडली, आणि मुद्देमाल चिमट्याने शेवटच्या माडाच्या मुळाशी ठेवून वर माती लोटली.

मला वाटले, आता सगळे सुटले. तसे नव्हते. मथुताईंना आपल्याला कळले आहे हे कळता कामा नये, असे पंतांनी ठरवले. चाळीस वर्षांचे सोवळे होते. ती त्या घरात मान वर करणार नाही, ते म्हणाले. म्हणजे मासळी थांबणार नव्हती. मासळी थांबत नाही तोवर उकरणे थांबणार नव्हते. आणि उकरणे थांबले नाही तर शिमग्याला धोंडू येणार होता. मथुताईंना कुत्री का नको होती, तेही आता कळले. कुत्री त्यांचे गुपित रोज सकाळी उघडे करत होती.

चार दिवस पंत परस पावलांनी मोजत फिरले. पाचव्या दिवशी त्यांनी परसाच्या पार दुसऱ्या टोकाला, फणसाखाली, खणायला सुरुवात केली.

"कुत्र्याला उकरू नको म्हणून उपयोग नाही, मास्तर. इथे उकर, असं सांगितलं पाहिजे. त्यांची जागा त्यांना दिली पाहिजे."

खड्डा कमरेइतका झाला. जमीन जांभ्याची, पहार उडायची. गडी घ्या म्हटले तर म्हणाले, गडी बोलतो. मग त्यात भरायला ते मांडवीच्या किनाऱ्यावरून वाळू आणू लागले. डोक्यावर टोपली घेऊन, साठी उलटलेला नाझर. लोक थांबून पाहत. वाळूकडे कुत्री वळावीत म्हणून तिच्यातही काही पुरायला हवे होते. त्यासाठी ते मासळीबाजारात गेले. जन्मात पहिल्यांदा. सुके बोंबील धोतराच्या सोग्यात बांधून, वर उपरणे गुंडाळून आले.

आत्मारामने त्यांना तिथे पाहिले. संध्याकाळी गडग्यावरून म्हणाला, "पंत, बोंबील भाजून खावेत. कच्चे बाधतात."

पंत हसले. कित्येक महिन्यांनी ते त्याच्याशी बोलले. "भाजायचं कसं, ते तूच सांग," म्हणाले.

गावात कुजबुज झाली. मथुताईंनी मला ओटीवर गाठले.

"मास्तर, दादा हल्ली कुठे जातो?"

"किनाऱ्यावर. वाळू आणायला."

"त्याच्या उपरण्याला वास येतो. मी दोनदा धुतलं. खरं सांगा, म्हातारपणी काही भलतं लागलं नाही ना त्याला?"

त्यांची नजर माझ्या पायांवर होती. भावाचीच बहीण. मी पाय धोतराखाली घेतले.

गोरी वळली. वाळूच्या खड्ड्यात तिने पहिला बोंबील शोधून काढला तेव्हा पंतांनी तिला दोन्ही हातांनी थोपटले. खंड्या वळत नव्हता. तो वाळू हुंगून माडाकडे जाई. पंत म्हणत, खड्डा काठोकाठ भरला की वळेल, खोल उतरायला तो भितो. त्यांनी टोपल्या वाढवल्या. उन्हे वाढली होती. मी म्हटले, शनिवारी शाळेची पोरे आणतो. ते म्हणाले, पोरे विचारतील.

शुक्रवारी सकाळी ते वाळू घेऊन आले. टोपली खड्ड्याच्या काठी ठेवली. फणसाला टेकून बसले. मथुताईंना वाटले, दम खात आहेत.

दहाव्याला धोंडू आला होता. विधी आटोपल्यावर म्हणाला, "कुत्री आताच नेतो. शिमग्याला पुन्हा खेप कशाला?"

मथुताई उठल्या. त्या परसात गेल्या. मी मागोमाग गेलो. फणसाखाली गोरी वाळूत होती. तिने एक बोंबील वर काढून काठावर ठेवला होता. मथुताई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तोंडावर पदर घेतला नाही.

"हे दादाने आणलं?"

"हो."

"कुत्र्यांसाठी?"

त्यांनी विहिरीपलीकडे, माडांकडे पाहिले. मग झावळ्यांच्या खोपीकडे.

"केव्हापासून ठाऊक होतं त्याला?"

"पौषापासून."

त्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "धोंडूला सांगा, कुत्री मिळायची नाहीत."

धोंडू गेला. खंड्या अजून माडाशीच उकरतो. खड्ड्यात वाळू जेमतेम निम्म्यापर्यंत आली आहे. शेवटची टोपली काठावर आहे, पंतांनी ठेवली तशी, भरलेली.