वजावटचाचा

प्रश्न ऐकला की चाचा डोळे मिटून घेत. समोरच्याला वाटावं, म्हातारा झोपला. शहागंजातल्या त्यांच्या माडीवर मग फक्त पंख्याची घरघर आणि खिडकीबाहेर कबुतरांचं घुमणं. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणत, "होतो वजा." नाहीतर, "नाय होत." आयुष्यभर लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरणाऱ्या या माणसाला सगळा मोहल्ला वजावटचाचा म्हणे.

मी शाळेत शिक्षिका. पगारातून कापलेला व्यवसाय कर वजा होतो, हे मला त्यांनीच सांगितलं. मागच्या वर्षी भरलेला इन्कम टॅक्स वजा होईल का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते हसले. "सावलीतून सावली वजा होत नसते, ताई." पुढं मी नवी करपद्धती घेतली, तेव्हा एखाद्या जुन्या शेजाऱ्यानं गाव सोडावं तसे हळहळले. "यात तुमचा व्यवसाय कर गेला बघा. पण भाड्याच्या खोलीची घरपट्टी अजून हाय. मालकानं स्वतः भरली पायजे, अन् त्याच साली भरली पायजे."

ती खोली आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तिथं शेवंताबाई राहतात. एकट्या, चितेगावच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. एका वर्षी आई चार महिने दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी. आई गेली. जुलैत कागदांचा गठ्ठा घेऊन मी चाचांकडे गेले. लाइट बिलांमध्ये घरपट्टीची पावती होती, माझ्या नावाची.

चाचांनी ती उजेडात धरली. "ही कधी भरली?"

"आठवत नाही. पण नाव माझंच आहे ना?"

"नाव मालकाचंच येतं. तारीख बघा."

तारीख आईच्या ऑपरेशनची होती. त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावरून हललेही नव्हते.

"मग आधी विचारून या," चाचा हळूच म्हणाले. "दुसऱ्यानं भरलेली आपली म्हणून लिहायची नाय."

घरी येऊन मी वरच्या मजल्यावर गेले आणि शेवंताबाईंना विचारलं. "व्हय, मीच भरली. पावती तुमच्या लाइट बिलांत ठिवली," त्या म्हणाल्या. "दाराला नोटीस लावली व्हती. तुमी आईपाशी. तुमाला कुठं सांगू तवा?"

"अहो, मग भाड्यातून तरी कापायचे!"

"इसरले मी," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

आई गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर बसून रडले. पैसे त्यांना बळेच घ्यायला लावले. रिटर्नमध्ये घरपट्टीपुढं चाचांनी शून्य लिहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

गेल्या वर्षी चाचांची नजर पार गेली. मी त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवरचा एकेक रकाना वाचून दाखवला. ते खाटेवर उन्हाच्या तिरिपेत बसून ऐकत राहिले, लहानपणीची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "येतंय की तुम्हाला. पुढल्या साली एकटीनं भरा."

थंडीत चाचा गेले.

या जुलैत मी एका रकान्यापाशी अडले आणि सवयीनं चाचांना फोन लावला. त्यांच्या सूनबाईंनी उचलला. "बोलो ना, ताई." तेव्हा मला भान आलं. त्यांनाही समजलं असावं. कितीतरी वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.