डोळे मिटून पाहिलेली घरं

घरं दाखवायच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. ते भाडेकरूंसारखे आपल्या पायांनी येतात, आणि काही तर असे चिवट, की खाली करायचं नावच घेत नाहीत! नेहरू नगरात हायवेच्या कडेला एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं शटर माझं आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिळ्यावर चाव्यांचे जुडगे. मी भाड्याची घरं बघते, माझे पार्टनर साहूजी प्लॉट आणि बांधकाम बघतात. कोणी बदली होऊन येतं, कोणी पोराच्या कोचिंगसाठी, तर कोणी स्टील प्लांटमधून रिटायर होऊन कंपनीचं क्वार्टर सोडायची मुदत संपत आली म्हणून. हसायचे किस्से पुष्कळ आहेत असं मैत्रिणींना सांगते खरी, पण सांगायला बसले की लक्षात येतं, हसणारा त्यात बहुतेक एकटा घरमालकच असतो.

*

बालाघाटहून एक आई आली होती. पोराला डॉक्टर करायचं, म्हणून दोन वर्षं इथेच राहणार. मी तिला तिवारीजींच्या घरी नेलं. तिवारीजींनी वरच्या एका खोलीला ‘डॉक्टर रूम’ नाव देऊन ठेवलंय, कारण तिथल्या एका मुलाचं सिलेक्शन झालं होतं. भाडं अर्थातच जास्त! ते काही बाईंना परवडेना, म्हणून शेजारची खोली पाहिली. टेबलामागची सगळी भिंत पेन्सिलीने लिहिलेल्या फॉर्म्युल्यांनी भरलेली.

बाईंनी विचारलं, “ये लड़के का हुआ क्या?”

तिवारीजी खोटं बोलत नाहीत, तेवढं मानलं पाहिजे. म्हणाले, “नहीं हुआ. घर चला गया.”

“फिर ये दीवार पुतवा दो. पूरी.”

“माताजी, फार्मूले तो वही हैं! आपके बेटे के काम आएँगे.”

“फार्मूले वही हैं,” बाई म्हणाल्या, “लिखने वाला वो नहीं चाहिए.”

दोन हात रंग मारला. तरी उन्हाच्या तिरिपेत अक्षरं दिसतच होती. शेवटी बाईंनी त्यावर कॅलेंडर टांगलं. तो आधीचा मुलगा मला आठवतो. चावी परत द्यायला आला तेव्हा सारखं सॉरी म्हणत होता, जसं काही त्याने माझंच काही फोडलं होतं.

*

आमच्या उमाळे साहेबांचं ऐका. रिटायर झाले आणि नेहरू नगरात दोन मजली घर घेतलं. खाली ग्रॅनाइट, वर गॅलरी, सगळं कसं टापटीप. एक दिवस संध्याकाळी भाजी घ्यायला गेले आणि पाय आपोआप सेक्टरकडे, प्लांटच्या वसाहतीकडे वळले. आपल्या जुन्या क्वार्टरचं फाटक उघडलं, आत शिरले, दारामागच्या खिळ्याला पिशवी टांगली, चपला काढल्या आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले!

क्वार्टर मिळालेलं जोडपं ओडिशाचं, नवीनच आलेलं. त्या बिचारीला वाटलं, नवऱ्याचे कोणी मोठे साहेब असतील. तिने पाणी दिलं, चहा दिला, वर पोहे केले. पोह्यांत बडीशेप लागली तेव्हा साहेबांनी मान वर केली, आणि समोर परकी बाई!

पिशवी तिथेच टाकून पळाले. उमाळे काकूंनी हे ऐकलं तर म्हणतात, “इथं तर दोन मिनिटं टेकत नाईत, न थे लोकाच्या घरी पेपर वाचून राहिले!”

आम्ही खूप हसलो. साहेबही हसले. मग जाता जाता मला म्हणाले, “तो खिळा मीच ठोकला होता संध्या. अजून पक्का आहे.”

*

आता रामटेके काका. माझं माहेर सेक्टर 2 मधलं, आणि काका माझ्या बाबांच्या ओळखीचे. भंडाऱ्याकडचे. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “संध्या, मले क्वार्टरसारखं घर पाह्यजे.”

“म्हणजे स्वस्त?”

“नाई व. क्वार्टरसारखं म्हंजे क्वार्टरसारखं. आत शिरलं का डाव्या हाताले सैपाकघर, समोर झोपाची खोली, मांगं आंगण, आंगणात न्हाणी. तसंच्या तसं.”

मी मनात म्हटलं, आणखी एक उमाळे साहेब. मग रामटेके काकूंना विचारावं म्हणून त्यांच्या क्वार्टरवर गेले.

काकूंना काही वर्षांपासून दिसत नाही. हे मला माहीत होतं, पण तिथे गेलं की विसरायला होतं. काकू दार उघडायला आल्या, स्टूल चुकवून वळल्या, आत जाऊन चहा टाकला, डबा काढला, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. बोलता बोलता संध्याकाळ झाली. काकू उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

“तुले अंधार वाटत असंल न,” म्हणाल्या.

फाटकापर्यंत सोडायला काका आले. म्हणाले, “एकडाव तिले नागपूरले भावाच्या घरी नेलं होतं. आठ दिवस पलंगावरून उतरली नाई. हात धरून नेलं तर जाये, नाई तर बसून राहे. इथं तिले दिसते, संध्या. बाकी दुनियेत थे आंधळी आहे.”

दुसऱ्याच दिवसापासून मी घरं शोधायला लागले. क्वार्टर सोडायला थोडेच महिने उरले होते.

*

काकांची घर बघायची पद्धत सांगते. दारात उभं राहायचं, चपला काढायच्या, डोळे मिटायचे आणि चालायला लागायचं! मी मागून, घरमालक पुढून, आणि काका मध्ये हात पुढे करून.

एका फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचनच्या कपाटावर असे आदळले की कपाळावर टेंगूळ आलं. मालक ओरडला, “अंकल, देख के चलिए ना!”

काका कपाळ चोळत म्हणाले, “देख के तो कोई भी चल लेता है.”

दुसऱ्या ठिकाणी हॉलमधून बेडरूममध्ये जायला एक पायरी होती. ‘सनकन’ की काय म्हणतात ते. डिझायनरने नकाशात पैसे घेऊन घातलेली पायरी! काका तिच्यावरून पडले आणि तिथेच बसून मला म्हणाले, “हे नोको.” तिसऱ्या घरमालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, इनका दिमाग तो ठीक है?” मी म्हटलं, आमच्या अख्ख्या धंद्यात घर कसं बघायचं ते कळणारा हा एकच माणूस आहे. त्याने मला पुन्हा घर दाखवायला दिलं नाही.

*

आणि एक दिवस घर मिळालं. हायवेच्या पलीकडच्या एका कॉलनीत, जुनं, बैठं. ज्याने बांधलं तो प्लांटचाच माणूस असणार, कारण हात क्वार्टरवरच बसलेला. काका डोळे मिटून दारातून निघाले, डावीकडे वळले, स्वयंपाकघरात ओट्याला हात लावला, परत आले, झोपायच्या खोलीतून आंगणात गेले. कुठे धक्का नाही, ठेच नाही. तिकडे उभे राहून त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते पाणावले होते.

मालकही खूश. चहा झाला. मालकाने पंपाचं बटण दाखवलं, तुळशीला पाणी घाला म्हणाला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, “पूरा नाम क्या बताया आपने?”

काकांनी सांगितलं.

“अच्छा. महाराष्ट्र में… मतलब आप लोग…”

“बौद्ध,” काका म्हणाले. “जय भीमवाले.”

“नहीं नहीं, हमको क्या है! हम तो मानते ही नहीं,” मालक म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की भतीज्याचं लग्न ठरलंय, घर त्याला लागणार.

मला इतका संताप आला की फोनवरच दोन शब्द ऐकवले. काकांना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कोक ओव्हनमध्ये एवढी वर्षं एका डब्यात जेवलो. तिथं कोणी आडनाव नाई पुसे. मास्क घेतला का, एवढंच पुसत.” मग म्हणाले, “काकूले सांगू नको. घर हवादार नोतं म्हणून सांगतो.”

सांगितलंही. काकू भाजी निवडत होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, “तुमच्या आवाजावरूनच समजून राहिलं, किती हवा होती थे.”

त्या घराबाहेरची ‘टू-लेट’ची पाटी पुढे कितीतरी दिवस तशीच होती. भतीजा बहुधा अजून जन्मायचा असेल!

*

त्यानंतर काका भाड्याचं नाव काढेनात. “आता कोणाले नाव सांगाचं कामच नाई,” म्हणाले, आणि फंडाच्या पैशातून साहूजींकडून दुर्गच्या मोहन नगरकडे छोटा प्लॉट घेतला. स्वतः टेप घेऊन क्वार्टरचं माप काढलं. उंबऱ्याची उंची, ओट्याची उंची, न्हाणीपर्यंतचं अंतर, दाराची कडी किती वर. काकू टेपचं दुसरं टोक धरायच्या. एवढे खुशीत मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं.

काम सुरू झालं. मध्ये एकदा साहूजींनी साइटवर सांगितलं, “अंकल, इधर नाली दूसरे साइड में है. नक्शा पलटा देते हैं. नाप सब वही रहेगा, बस लेफ्ट का राइट.”

काकांनी नकाशा हातात धरून पाहिला. मीही पाहिला. स्वयंपाकघर, खोली, आंगण, न्हाणी, सगळं होतं. “तेच त आहे,” काका म्हणाले. मी पण म्हटलं, तेच तर आहे! डोळे असलेल्यांना काय फरक पडतो हो.

घर झालं. इतकं हुबेहूब झालं की मला माहेरी आल्यासारखं वाटलं. काकांनी क्वार्टरमध्ये होता तसाच दाराजवळच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, खाली फळीवर बुद्धाची मूर्ती ठेवली. घाईत होते, क्वार्टरची चावी द्यायचा दिवस जवळ आला होता. डोळे मिटून चालून बघायचं तेवढं राहिलं. मापं स्वतः घेतली होती ना त्यांनी!

सामानाचा टेम्पो पुढे गेला. काकूंना मी ऑटोने घेऊन आले. नवी साडी, मांडीवर पर्स. दारात उतरल्यावर मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “सोड व, माह्या घरी मीच जातो.”

उंबरा बरोबर ओलांडला. दोन पावलं आत गेल्या आणि क्वार्टरमधल्या सवयीने फोटोला हात लावायला डावा हात वर केला. हात कोऱ्या भिंतीवर गेला.

काकू थांबल्या. मग उजवा हात वर केला. फोटो तिकडे होता. भिंतीला धरून हळूहळू सगळं घर फिरल्या, स्वयंपाकघर, खोली, आंगण. काका मागे मागे. त्यांना आता कळलं होतं, आणि मलाही. काकांनी भिंतीला पाठ टेकली आणि ते खाली बसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

काकू परत पुढच्या खोलीत आल्या आणि हसल्या. एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या.

“अवो,” म्हणाल्या, “हे त बॅनर्जीबाईचं घर होय!”

सेक्टरमध्ये क्वार्टरं जोडीने असतात. एका भिंतीच्या इकडे एक, तिकडे एक. इकडचं जे डावं ते तिकडचं उजवं. बॅनर्जीबाई काकूंच्या भिंतीपलीकडे राहायच्या. दोघींची पोरं एकमेकींच्या घरी वाढली. बाई कधीच्या कोलकात्याला गेल्या, तिकडेच वारल्या. पण त्यांचं घर काकूंच्या हाताला पाठ होतं.

काकू दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर घेतली.

महिन्याभराने मी सहज गेले. काकूंना घरात काही अडत नव्हतं. न्हाणीत जात, आंगणात जात, कुठे ठेच नाही. फक्त स्वयंपाकघरात पाय टाकत नव्हत्या. काका ओट्याशी उभे राहून चहा करत होते, डबे शोधताना भांडी पाडत होते. काकू त्याच खुर्चीवर, इस्त्रीची साडी, चपला पायाजवळ काढून ठेवलेल्या.

माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, “चहा कायले ठेवून राहिले हे? लोकाच्या घरी किती वेळ बसाचं? सांग न त्याईले, निघू म्हणा आता.”

काकांना आतून ऐकू गेलं असावं. भांड्यांचा आवाज थांबला.

“हो, निघू न,” ते म्हणाले. “बॅनर्जीबाईनं एवढा चहा टाकला, थो पिऊन निघू.”