चांभार लेण्यातला प्रश्न
करवंदांचा वास आला की नाशिकमधलं बहिणीचं लग्न आठवतं. हळदीच्या सकाळी मुलीकडचे बाकीचे पाहुणे पंचवटीला गेले, पण नवरदेवाच्या आत्याबाई मला एकटीलाच म्हणाल्या, “चला, चांभार लेणी दाखवते. लग्नाची माणसं तिकडं फिरकत नाहीत.” मुलात काहीतरी खोट असणार, असा संशय घेऊनच मी करवंदीच्या जाळ्यांमधून चढले. वर लेण्यातल्या गारव्यात टेकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “बहीण मनापासून तयार आहे ना? माझ्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं.” मला वाटलं, ह्यांना लग्न मोडायचंय. तरी परतल्यावर मी बहिणीला एकटीला गाठून विचारलंच. ती आधी रडली, मग ‘हो’ म्हणाली. आज तिचा संसार छान चाललाय, पण त्या ‘हो’वर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.