शिवेचा दगड

माझ्या हातातली पळी शेजारी वाढणाऱ्या बाईनं काढून घेतली. हलकेच, लहान पोराच्या हातातनं कात्री घेतात तशी.

"आबा, तुम्ही बसा आता. दमला असाल."

मी दमलो नव्हतो. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावात, हॉलमध्ये मराठी मंडळाचं जेवण होतं आणि आमटी वाढायचं काम मी मागून घेतलं होतं. दहा-बारा माणसांना वाढून झालं होतं. बाईनं कागदी रुमाल घेतला आणि पळीचा दांडा पुसला. मी धरलेला दांडा. मग रांग पुढं सरकली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मी. भिंतीकडची खुर्ची ओढून बसलो.

तोंड मीच उघडलं होतं. झालं असं, की रावसाहेब ताट घेऊन पुढं आले. मंडळात सगळे त्यांना रावसाहेबच म्हणतात. त्यांचा मुलगा माझ्या मुलाचा ऑफिसातला वरचा साहेब. त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं.

"अहो, आम्ही पलीकडचेच की. तुमच्या गावानं आमची शिव खाल्ली. ओढ्यापर्यंत आमची हद्द होती."

मुलानं मला पढवून ठेवलं होतं. गावाचं कुणी काढलं तर म्हणायचं, लहानपणीच पुण्याला आलो, काही आठवत नाही. पण खोटं ऐकलं की मला राहवत नाही.

"ओढ्यापर्यंत कधीच नव्हती," मी म्हणालो. "शिव बाभळीच्या दगडावरनं जाते. माझा आजा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चाललाय ती. दोन्ही गावांनी मानली."

रावसाहेबांचं ताट हवेत तसंच राहिलं. आमच्या मुलखात शिव कोण चालतं हे कुणाला सांगावं लागत नाही. महार चालतो. जमिनी बाकीच्यांच्या, साक्ष महाराची.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे ते काम तुमच्याकडं होतं होय."

आमटी न घेताच ते त्या बाईकडं गेले. कानाशी काहीतरी बोलले.

गाडीत मुलगा म्हणाला, "आबा, वीस वर्षं झाकलं मी."

"काय झाकलंस?"

"तुम्हाला माहितीये काय ते. ऑफिसात कपात चाललीये. कुणाला काढायचं ती यादी त्यांचा मुलगा करतोय."

मग त्यानं शुक्रवारचं काढलं. नातीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. इथल्या मूळ माणसांची, माओरींची, एक रीत आहे. उभं राहून आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग आपली माणसं. नाव सगळ्यात शेवटी. रावसाहेबांचा नातूही त्याच वर्गात.

"सिंहगड म्हणा, मुठा म्हणा, आम्ही पुण्याचे म्हणा आणि खाली बसा. प्लीज, आबा."

मी बरं म्हणालो. भ्यालो होतो म्हणून म्हणालो.

ही भीती मला नवी नाही. आम्ही बुद्धाचा धर्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गाव म्हणालं, तुमची वतनाची जमीन त्या कामाची होती. काम बंद तर जमीन बंद. आमच्या उभ्या ज्वारीत बैल घातले. बाप दारात विळा घेऊन बसला. विळा त्याच्या हातात थरथरत होता. मी आतनं बघत होतो. बाप दारातनं हलला नाही, तरी जमीन गेली. माझी शाळा तिसरीत सुटली. नंतर जन्मभर मी दुसऱ्यांच्या इमारतींना सिमेंट कालवलं.

आमच्यासारख्यांच्या जमिनीवर रावसाहेबांसारख्यांची पोरं शिकली. शिक्षणावर फ्लॅट झाला, फ्लॅटवर परदेश. माझा पोरगा स्कॉलरशिपवर शिकून त्याच ऑफिसात पोचला, तर मंडळात म्हणतात, यांना सगळं फुकट मिळतं. माओरींनाही हेच लोक हेच म्हणतात. मी ऐकलंय. वाढता वाढता ऐकलंय.

शुक्रवारी आधी आमच्या शेजारची माओरी म्हातारी उठली. सगळी गल्ली तिला नॅनी म्हणते. पायात जांडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, हातात काठी. तिनं डोंगर सांगितला, नदी सांगितली. मग काठी जमिनीवर टेकवून बोलत राहिली. नात माझ्या कानात सांगत होती.

"आबा, ही शाळा आहे ना, ती तिच्या फॅमिलीची लँड होती. पेपर करून घेतली. मग गव्हर्न्मेंट सॉरी म्हणालं. लिटल बिट परत दिली."

"परत कशी दिली? पुरावा काय होता?"

"तिच्या ग्रॅनीला सगळे दगड पाठ होते. तिनं सांगितले, त्यांनी लिहून घेतले."

माझ्या आज्यालाही असेच दगड पाठ होते.

माझी पाळी आली. रावसाहेब पुढच्या खुर्चीत होते. मुलगा दाराशी उभा राहून मान हलवत होता, नको, नको.

"भैरोबा माझा डोंगर," मी म्हणालो. "येरळा माझी नदी. महारवाडा माझी वस्ती. सगळ्या गावाची शिव आम्हाला पाठ होती, आणि गावानं आमचीच जमीन घेतली."

"व्हॉट्स महारवाडा, आबा?" माझं इंग्रजीत सांगता सांगता नातीनं मोठ्यानं विचारलं.

"सांगतो. घरी गेल्यावर सगळं सांगतो."

रावसाहेब बुटांकडं बघत बसले. नॅनी काठी टेकत आली आणि इथल्या रीतीनं तिनं कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं.

मुलगा त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. यादी अजून लागलेली नाही. संध्याकाळी त्याची गाडी दारात आली की मी आधी त्याचं तोंड बघतो. त्याचं घर माझ्या तोंडानं गेलं तर, हा विचार दिवसभर डोक्यातनं जात नाही. तरी बोललो ते मी परत घेणार नाही.

डिसेंबरात गावी जाणार आहे. नातीला घेऊन. तिची आई येऊ देते म्हणालीये. आमची जमीन ओढ्याच्या वळणापासून वर चढापर्यंत. हद्दीचे वरचे दगड गावातल्यांनी उपटून टाकले. एक आज्यानं खोल पुरलेला आहे, तो त्यांना सापडला नाही. तो कुठं आहे हे आता जगात मला एकट्याला माहीत. ते माझ्या मरणाची वाट बघत असतील.

तहसीलदारापुढं मी उभा राहणार. दया नको मला. जमीन पाहिजे, आणि ती घेतली होती हे गावानं चावडीवर, सगळ्यांसमोर, तोंडानं म्हटलं पाहिजे. दोन्हींपैकी एकावर भागवणार नाही. त्या दिवशी बापासारखे माझेही हात कापतील. कापू देत. नातीच्या हातात पहार देणार आणि जागा बोटानं दाखवणार, इथं खण.

तो दगड वर आल्याशिवाय मी मरणार नाही.